साठवण : फिरत्या घरातील मैलाटाकीचा इतिहास

१

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आम्ही एक प्रश्न बहुधा टाळतो. प्रवासी काय पाहतो, काय खातो, कोठे उतरतो, कोणाशी बोलतो याची चर्चा तासन्‌तास होते. परंतु तो शौचास कोठे जातो आणि त्याच्या मागे राहिलेल्या मैल्याचे काय होते, हे लेखक सांगत नाही, अभ्यासकही विचारत नाही. यामागचा शिष्टाचार समजण्याजोगा आहे. तरीही शिष्टाचाराने झाकलेल्या गोष्टींनाही इतिहास असतो आणि तो पुष्कळदा उघड्या गोष्टींच्या इतिहासाइतकाच बोलका असतो. म्हणूनच येथे आम्ही एका अत्यंत गद्य वस्तूकडे वळत आहोत. ही वस्तू म्हणजे अमेरिकेतील फिरत्या घरांच्या, अर्थात कॅम्परच्या, तळाशी बसवलेली मैला साठवण्याची टाकी.

विषयप्रवेशासाठी साहित्यातलेच उदाहरण घेऊ. जॉन स्टाइनबेक १९६० च्या सप्टेंबरात आपल्या कुत्र्यासह अमेरिका पाहायला निघाला. १९६२ साली प्रसिद्ध झालेले ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे या प्रवासाचे पुस्तक. एका मालवाहू गाडीवर घरासारखी खोली बसवून घेऊन त्याने तिला दोन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले होते : रोसिनान्ते. आज ही गाडी कॅलिफोर्नियातील सलिनास येथे त्याच्या नावाच्या केंद्रात जतन केलेली आहे. गाडीत बिछाना, शेगडी, शीतकपाट इत्यादी सोयी होत्या, तसेच एक रासायनिक शौचपात्रही होते. झाकणाच्या बादलीत कपडे, पाणी व साबण घालून ती बादली लवचीक दोरीने टांगायची, म्हणजे रस्त्याच्या हेलकाव्यांनी कपडे आपोआप धुतले जातात, ही युक्ती स्टाइनबेक मोठ्या आवडीने सांगतो. शौचपात्र मात्र सामानाच्या यादीतला एक शब्द म्हणून येऊन जाते. मळके कपडे साहित्यात येऊ शकतात, मैला येऊ शकत नाही. ही सीमारेषा कोठे आणि का आखली जाते, हा साहित्याच्या विद्यार्थ्यांचाही प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

२

फिरत्या घराची कल्पना जुनी असली तरी मोटारीवर बसवलेले घर विसाव्या शतकातले आहे. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीची ‘टूरिंग लँडॉ’ ही गाडी प्रदर्शित झाली. तिची मागची बैठक उघडली की बिछाना होई, चालकाच्या पाठीमागून हात धुण्याचे भांडे खाली येई आणि बसल्या जागी वापरण्याचे शौचपात्रही तीत होते. मालकाला चालकाशी बोलता यावे म्हणून टेलिफोनची सोय होती. आम्ही वाचलेल्या तिच्या वर्णनांत या सोयींची यादी उत्साहाने येते. ते पात्र रिकामे कोणी करायचे याचा उल्लेख येत नाही. जिथे बोलण्यासाठी टेलिफोन लागावा इतके अंतर मालक आणि चालक यांच्यात आहे, तिथे उत्तर तर्काने काढता येते. श्रीमंतांच्या घरातली नोकरांची व्यवस्थाच येथे चाकांवर चढली होती.

पुढच्या दहा वर्षांत चित्र बदलले. फोर्डच्या स्वस्त मोटारींमुळे मध्यमवर्गीय कुटुंबे बाहेर पडली. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना स्थापन झाली. डबाबंद अन्नावर राहणारे हे प्रवासी ओळखीची खूण म्हणून गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा लावत. छावणी स्वच्छ ठेवणे हे त्यांच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक होते; उद्दिष्ट म्हणून ते नोंदवावे लागले यातच छावण्यांची स्थिती कळते. रस्त्याच्या कडेला, शेतात, ओढ्याकाठी मुक्काम करणाऱ्यांच्या मागे काय राहत असेल याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही. १९२० च्या दशकात अनेक गावांनी प्रवाशांसाठी नगरपालिकेच्या छावण्या उघडल्या, त्यांत पाणी आणि शौचालये दिली, व पुढे त्यासाठी शुल्कही आकारले. फिरत्या घरात शौचाची व्यवस्था बहुधा नसेच, ती मुक्कामाच्या जागी असे. म्हणजे घर फिरत होते, पण घराचा एक भाग अजून जमिनीलाच बांधलेला होता.

ही बांधिलकी तोडण्याचे श्रेय एअरस्ट्रीम ही कंपनी स्वतःकडे घेते. वॉली बायम याने उभारलेल्या या कंपनीने १९५७ साली ‘इंटरनॅशनल’ नावाचे मॉडेल आणले. बाहेरून वीज, पाणी वा गटार न जोडता राहता येईल असे, सर्वस्वी आपल्यापुरते पुरे असलेले पहिले फिरते घर, अशी कंपनीने त्याची ओळख करून दिली. आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला होता. लांब रस्ते आणि आपल्यापुरते पुरे घर यांची सांगड पडली. १९६३ साली मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे थेटफर्ड ही कंपनी सुरू झाली, ती मुख्यतः अशा गाड्यांतील शौचपात्रांसाठी. १९६८ साली तिने उचलून नेता येणारे ‘पोर्टा पॉटी’ बाजारात आणले.

एअरस्ट्रीम कंपनीच्या फिरत्या घराला १९६९ साली एक अनपेक्षित काम मिळाले. चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांच्याबरोबर एखादा अज्ञात जंतू येईल अशी भीती होती. त्यांना ‘हॉर्नेट’ या जहाजावर ज्या डब्यात बंद ठेवले तो एअरस्ट्रीमचे घर फेरफार करून बनवला होता. आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर जात नसे. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी काचेपलीकडून बोलले. आपल्या आतले काहीही बाहेर न सांडणारे घर ही कल्पना याहून पुढे जाऊ शकत नव्हती.

३

‘आपल्यापुरते पुरे’ हे विशेषण आम्हांस थोडे थांबून तपासावेसे वाटते. भारतीय कानांना ते ‘स्वयंपूर्ण’ या शब्दासारखे ऐकू येते आणि स्वयंपूर्ण म्हटले की खेडे, स्वदेशी, आत्मनिर्भरता असा सगळा गोतावळा मागोमाग येतो. पण मैलाटाकी कशालाच पूर्णत्व देत नाही. ती मुदत देते. तिच्यामुळे विसर्जनाचा क्षण काही दिवस पुढे ढकलता येतो, इतकेच. साधारण शंभर ते दीडशे लिटरची टाकी दोन माणसांच्या कुटुंबाला आठवडाभर निर्वेध ठेवते. आठवडा संपला की पुन्हा जमिनीकडे यावेच लागते.

या ठिकाणी साठवणटाकी आणि आपल्या परिचयाची सेप्टिक टँक यांच्यातील फरक ध्यानात घेतला पाहिजे. सेप्टिक टँक मैला पचवते. फ्रान्समधील व्हेसूल या गावी झाँ-लुई मुराने १८६० च्या सुमारास अशी टाकी बांधली आणि १८८१ साली तिचे पेटंट घेतले. हवाबंद टाकीत घन मैला बराचसा विरघळून जातो, हे तेथे दिसून आले. इंग्लंडमधील एक्झिटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमरन यांनी १८९५ साली अशीच टाकी बांधली आणि सडवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. तीतून निघणाऱ्या वायूवर तेथे दिवेही लागले.

या इतिहासाचे एक पान मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला घरचे वाटेल. एक्झिटरनंतर दोनच वर्षांनी, १८९७ च्या सुमारास, मुंबईत माटुंग्याच्या महारोगी आश्रमात मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरण्यात आला. मुंबई नगरपालिकेचे अभियंते सी. सी. जेम्स यांनी १९०६ साली पूर्वेकडील देशांच्या मलनिःसारणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आश्रम १८९० साली सुरू झाला तो मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने, आणि पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हे अ‍ॅक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढणारे, आणि १८९४ साली पोवाड्यांची इंग्रजी पद्यरूपे प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थ. शाहिरी वाङ्मयाचा अभ्यास करताना हे नाव आपण संपादक म्हणून घेतो. रस्त्यावर टाकलेल्या महारोग्यांसाठी आश्रम उभारणारा आणि शाहिरांच्या तोंडचे पोवाडे गोळा करणारा मनुष्य एकच होता, हे संग्रहाच्या मुखपृष्ठावरून कळत नाही.

कॅम्परची टाकी मात्र काहीच पचवत नाही. तिला तेवढा अवधीच नसतो. ती धरून ठेवते. सेप्टिक टँकला घर लागते, स्थैर्य लागते, जमीन लागते. साठवणटाकी ही जमीन सोडलेल्या माणसाची टाकी आहे.

४

मराठीत या विषयाची शब्दसंपत्ती विचार करण्याजोगी आहे. अमेरिकन कॅम्परमध्ये तीन टाक्या असतात : पिण्याच्या पाण्याची, मोरी व न्हाणीच्या पाण्याची आणि शौचाची. दुसरीतल्या पाण्याला तेथे करडे पाणी आणि तिसरीतल्या पाण्याला काळे पाणी म्हणतात. हे शब्द जसेच्या तसे मराठीत आणले तर अनर्थ होईल, कारण आपल्याकडे काळे पाणी म्हणजे अंदमान. पण ते आणण्याची गरजही नाही. ‘सांडपाणी’ आणि ‘मैलापाणी’ हा भेद मराठीने केव्हाच केलेला आहे, आणि तो रंगावरून केलेला नसून पाणी कशातून आले यावरून केलेला आहे. शौचालयासाठी आपल्याकडे ‘शेतखाना’ हा शब्द होता. त्याचा शेताशी संबंध नाही. फारसीतील ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याचे घर, हे त्याचे मूळ. गडावर आणि लेण्यांत खोदलेले ‘टाके’ पिण्याच्या पाण्याचे. त्याच कुळातली ‘टाकी’ आज दोन्ही कामे करते. मैला वाहून नेणाऱ्या माणसासाठी मुंबईच्या १८८८ च्या नगरपालिका कायद्यात ‘हलालखोर’ हा शब्द होता आणि घरमालकांवर ‘हलालखोर कर’ बसत असे. हलालखोर म्हणजे कष्टाचे, हक्काचे खाणारा. शब्दाने जो मान दिला तो व्यवहाराने कधी दिला नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण कोशात शोधून सापडायचे नाही.

५

आता प्रत्यक्ष टाकीकडे वळू. नवी गाडी घेणाऱ्याला टाकी कोरी मिळते. वापरलेली गाडी घेणाऱ्याला तिच्याबरोबर आधीच्या मालकाच्या सवयीही मिळतात. आतली गादी बदलता येते, पडदे बदलता येतात, पण टाकीच्या तळाशी वाळून घट्ट झालेला थर हा मागच्या मालकाने ठेवलेला लेख असतो. तो वाचता आला तर पुष्कळ कळते.

सर्वांत सामान्य चूक अशी : मुक्कामाच्या जागी गटाराची जोडणी आहे म्हणून मालक मैल्याच्या टाकीची झडप उघडीच ठेवतो. त्याला वाटते, येईल तसे वाहून जाईल. वाहून जाते ते फक्त पाणी. घन भाग मागे राहतो, शौचपात्राच्या बरोबर खाली त्याचा ढीग होतो आणि वाळून दगडासारखा बनतो. कॅम्परवाले त्याला पिरॅमिड म्हणतात. म्हणून झडप बंद ठेवायची, पाणी सढळ हाताने वापरायचे आणि टाकी निम्म्याहून बरीच अधिक भरल्यावरच एकदम सोडायची, हा पहिला नियम. भरलेल्या टाकीतले पाणी जोराने जाते आणि घन भागाला बरोबर ओढते. पाण्याची काटकसर हा एरवी सद्गुण. या एका ठिकाणी तो टाकी बिघडवतो.

दुसरी खूण मोजणीची. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे गाडीत असतात. टाकीच्या भिंतीत बसवलेल्या लहान धातूच्या टोकांना पाणी लागले की वीज वाहते आणि दिवा लागतो. पण या टोकांवर कागद किंवा मळ चिकटला की टाकी रिकामी असूनही ती भरलेली दाखवली जाते. जुन्या गाडीचे दिवे खोटे बोलू लागले की टाकीच्या भिंती धुतल्या गेलेल्या नाहीत असे समजावे. जाणते लोक दिव्यांवर विसंबत नाहीत. किती दिवस झाले ते मोजतात आणि शौचपात्राची झडप उघडून विजेरीने आत पाहतात.

सफाईची रीत साधी आहे, पण तिला क्रम आहे. हातमोजे घालायचे. तीन इंच व्यासाची जाड नळी गाडीच्या तोंडाला आणि जमिनीतल्या विसर्जनाच्या भोकाला घट्ट जोडायची. आधी मैलापाण्याची झडप उघडायची, ती टाकी रिकामी झाली की बंद करून मग सांडपाण्याची; म्हणजे साबणाचे पाणी जाताना नळी धुऊन जाते. नंतर टाकीत पुन्हा स्वच्छ पाणी भरून सोडायचे आणि नळीच्या पारदर्शक कोपरातून जाणारे पाणी निवळ दिसेपर्यंत हे चालू ठेवायचे. काही गाड्यांत टाकीच्या आत फवारा बसवलेला असतो. नसेल तर शौचपात्रातून लांब दांडीचा फवारा आत घालतात. टाकी धुण्याची नळी आणि पिण्याचे पाणी भरण्याची नळी यांची कधीही अदलाबदल करायची नाही. शेवटी टाकी कोरडी सोडायची नाही. तळ झाकेल इतके पाणी व औषध घालून ठेवायचे, म्हणजे पुढचा मैला तळाला चिकटत नाही. जुना थर निघत नसेल तर टाकी काठोकाठ पाण्याने भरून त्यात जिवाणूंचे वा विकरांचे औषध घालून काही दिवस भिजत ठेवायची आणि मग सोडायची. एकदा न निघाल्यास पुन्हा. टाकीत बर्फ टाकून गाडी वळणावळणाने चालवली की थर खरवडून निघतो, हा उपाय कॅम्परवाल्यांच्या तोंडी पुष्कळ आहे. पण बर्फ वितळतो आणि थर राहतो, असेही अनुभवी लोक म्हणतात. वास येत असेल तर टाकीआधी छपरावरची वायुनलिका तुंबली आहे का, आणि शौचपात्राच्या झडपेचे रबर सुकले आहे का, हे पाहायचे.

औषधाचा प्रश्न मात्र दिसतो तितका साधा नाही. यात दोन परस्परविरोधी विचार आहेत. एक विचार म्हणतो, जिवाणू मारा. ते मेले म्हणजे सडणे थांबेल आणि वास येणार नाही. यासाठी फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये वापरली गेली. दुसरा विचार म्हणतो, योग्य जिवाणू पोसा. तेच मैला विरघळवतील. पहिल्या उपायाने गाडीतला वास थांबतो, पण ही टाकी जेथे सोडली जाते तेथे पुष्कळदा सेप्टिक टँक असते आणि तिचे सगळे कामच जिवाणूंवर चालते. अनेक गाड्यांनी आणलेले विष त्या टाकीत गेले की तिचे पचन बंद पडते. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने अशा द्रव्यांना कायद्याने बंदी केली ती याच कारणासाठी. गाडीतील सुखाची किंमत मुक्कामाच्या जमिनीने मोजायची, हा व्यवहार कायद्याने थांबवावा लागला. ‘आपल्यापुरते पुरे’ या विशेषणातील ‘आपल्यापुरते’ या पदाचा खरा अर्थ येथे उघड होतो.

६

विसर्जनाचा क्षण चुकवला तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण शिकागोचे आहे. ८ ऑगस्ट २००४ रोजी डेव्ह मॅथ्यूज बँड या संगीतसंचाच्या ताफ्यातील एका बसच्या चालकाने किन्झी रस्त्याच्या पुलावरून जाताना बसची मैलाटाकी उघडली. पुलाचा पृष्ठभाग लोखंडी जाळीचा होता. खालून शिकागोच्या वास्तुशिल्पाचे दर्शन घडवणारी, शंभराहून अधिक प्रवाशांची बोट चालली होती. सुमारे ८०० पौंड, म्हणजे साडेतीनशेहून अधिक किलो मैलापाणी त्यांच्यावर पडले. चालकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. संगीतसंचाने २००५ साली दोन लाख डॉलर देऊन राज्याशी तडजोड केली.

ही घटना विनोद म्हणून सांगितली जाते आणि तिच्यात विनोद आहेही. पण विनोदाचा गाभा पाहिला तर तो विपर्यासाचा आहे : जे खाली, अदृश्य, कोणाच्या तरी वाट्याला जायचे ते भर दिवसा, वास्तुसौंदर्य पाहणाऱ्यांच्या डोक्यावर आले. बोटीतील प्रवाशांना हे एकदा सोसावे लागले आणि त्याची जगभर वार्ता झाली. आपल्या शहरांत टोपलीच्या संडासांतील गळती पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेणाऱ्यांची वार्ता झाली नाही.

७

या तुलनेपाशी आल्यावर लेखाचा सूर बदलणे भाग आहे.

अमेरिकेतील कॅम्परच्या इतिहासात आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट तंत्राची नाही. १९१० च्या गाडीत मालक आणि पात्र रिकामे करणारा हे दोन वेगळे इसम असावेत असे दिसते. १९५७ नंतरच्या गाडीत ते एकच आहेत. निवृत्त प्राध्यापक असो, वकील असो, बँकेतला अधिकारी असो, फिरते घर घेतले की विसर्जनाच्या जागी हातमोजे घालून स्वतः वाकावे लागते. त्यात कोणाची जात जात नाही. त्या कामाचे अनुभव लोक एकमेकांना सांगतात, त्यावर हसतात, नव्या माणसाला शिकवतात. तेथील समाजात विषमता नाही असे आम्हांस म्हणायचे नाही. तेथेही वर्ण आणि वर्ग यांनी घाण कामे वाटलेली आहेत. पण या एका टाकीपुरते तरी उपभोग आणि सफाई हे एकाच हाताचे काम झाले.

आपल्याकडचा इतिहास उलट दिशेचा आहे. मुंबईत दोन इमारतींमधल्या घरगल्लीत उतरून टोपल्या उचलणारे लोक घराच्या मागच्या बाजूने येत आणि मागच्या बाजूने जात. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. ज्याचा मैला तो, आणि ज्याचे हात ते, यांच्यातील अंतर मोजण्याचा तो एक आरंभ होता. त्याआधी रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पा पटवर्धन यांनी हे अंतर स्वतःच्या देहाने ओलांडण्याचा हट्ट धरला. १९३२ साली कैदी असताना त्यांनी शौचालय सफाईचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते ज्या जातीत जन्मले तिच्यासाठी ते काम नाही, असे तुरुंगाचे उत्तर होते. आप्पांनी अन्नत्याग आरंभला, आणि येरवड्यातून गांधीजींनीही ३ डिसेंबर रोजी त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. परकीय सरकारचा तुरुंगसुद्धा जातीच्या नियमाने चालत होता आणि घाण काढण्याचा अधिकार मिळवण्यासाठी उपवास करावा लागत होता. आमच्या अनेक विद्यार्थ्यांना ही हकीकत ठाऊक नसते. आप्पांनी पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात शौचालयांचे सोपे प्रकार करून पाहिले ते याच विचारातून : मैल्याला कोणाचाही हात लागू नये आणि त्याचे खत व्हावे.

कोरड्या शौचालयांवर आणि हाताने मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँक यांत संरक्षक साधनांविना माणूस उतरवणेही गुन्हा ठरवले. २७ मार्च २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मरणे थांबलेली नाहीत. बंद टाकीत प्राणवायू नसतो. मिथेन असतो, आणि सडण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. पहिला उतरतो, पडतो; त्याला काढायला दुसरा उतरतो. १८९७ साली माटुंग्याला अशाच टाकीतला वायू दिव्यात जळाला होता. वायूचा उपयोग आपल्याला सव्वाशे वर्षांपूर्वी कळला होता, त्याचा धोकाही तेव्हापासून ठाऊक आहे. टाकीत उतरणाऱ्याच्या जिवाची किंमत ठरवायला मात्र न्यायालयाला २०१४ साल उजाडावे लागले. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’ या चित्रपटात एका सफाई कामगाराच्या मृत्यूबद्दल एका शाहिरावर खटला चालतो. टाकी आणि पोवाडा ही अ‍ॅक्वर्थच्या चरित्रातील जोडी तेथे पुन्हा भेटते, पण किती वेगळ्या स्थितीत!

आपली रेल्वे हेही एक फिरते घरच. तिला दीर्घकाळ साठवणटाकी नव्हतीच. मैला सरळ रुळांवर पडे आणि स्थानकातले रूळ साफ करायला माणसे लागत. २०११ साली बुंदेलखंड एक्स्प्रेसपासून डब्यांखाली जैविक टाक्या बसू लागल्या आणि पुढील दशकभरात त्या बहुतेक सर्व प्रवासी डब्यांखाली आल्या. संरक्षण संशोधन संस्थेच्या साहाय्याने घडलेल्या या टाक्यांत मैला खाणारे जिवाणू असतात. कॅम्परने जे साठवले ते रेल्वेने चाकांवरच पचवायला घेतले, असे म्हणता येईल.

८

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. म्हणजे फिरते घर आता आपल्या रस्त्यांवरही येणार, समुद्रकाठी आणि गडांच्या पायथ्याशी उभे राहणार. आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु या गाड्यांची टाकी कोठे सोडली जाईल, तिची नळी कोण जोडेल, हातमोजे मालकाच्या हातात असतील की पाच-दहा रुपयांसाठी बोलावलेल्या एखाद्या मुलाच्या उघड्या हातात नळी दिली जाईल, हा प्रश्न धोरणाच्या पलीकडचा आहे. यंत्र आयात करता येते. ते वापरणाऱ्याची वाकण्याची तयारी आयात करता येत नाही. अमेरिकन टाकी आणि आपली जातिव्यवस्था यांचा संयोग झाला, तर १९१० ची ती गाडी नव्या रूपात आपल्याकडे अवतरेल, एवढाच त्याचा परिणाम होईल.

साहित्याच्या वर्गापुरती आमची सूचना मर्यादित आहे. प्रवासवर्णन वाचताना, कादंबरीतील वाडा किंवा चाळ समजून घेताना, विद्यार्थ्यांनी एकदा तरी विचारावे : या घराची मोरी कोठे वाहते, शेतखाना कोठे आहे, आणि तो साफ करणारा या पानांवर कोठे आहे? पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळणार नाही. ते न मिळणे हीसुद्धा नोंद आहे; ती वहीत लिहून ठेवावी. आणि ज्या आत्मकथनांत, ज्या कवितांत हे काम करणारा माणूस स्वतः बोलला आहे, ती या अनुत्तरित पानांशेजारी ठेवून वाचावीत. घरगल्ली, टोपली, हलालखोर, मैलागाडी या शब्दांच्या नोंदी पुढच्या पिढीच्या कोशात कशा लिहायच्या, हे ठरवण्यापूर्वी इतका अभ्यास तरी झालाच पाहिजे.